गोहेईचा पत्ता

गोहेई नायकाच्या डावीकडे उभा असायचा, दोन पायऱ्या खाली.
निळा शर्ट, कपाळावर कायमची एकच बट,
आणि काम एवढंच: समोरच्याने पत्ता टाकला
की डोळे मोठे करून सांगायचं,
"हा तर तोच! याच्यातून आजवर कुणी सुटलं नाही!"
म्हणजे घाबरायचं कधी ते आम्हाला कळायचं.

चोडणला रंगीत टीव्ही कायतानच्या घरी,
त्याचा बाप बोटीवर.
साडेपाचला आम्ही तिघं तांबड्या कोब्यावर.
नवसो नायक. कायतान खलनायक, कारण टीव्ही त्याचा.
मी तिसरी, त्यात मुलगी,
माझ्या वाट्याला गोहेई आला.
लग्नपत्रिका कापून केलेले पत्ते ते मांगराच्या पायरीवर खेळायचे,
मी कोळशाने गुण लिहायचे, चार हजार, अडीच हजार,
आणि वेळेवर ओरडायचे.
चांगलं ओरडायचे. नवसो म्हणायचा, खऱ्यापेक्षा चांगलं.

एकतिसाव्या भागात गोहेई पहिल्यांदा स्वतः खेळणार होता.
आदल्या दिवशी शेवटी दाखवलेलं:
तो एकटा, गोदीवर, समोर काळ्या झग्यातला,
आणि त्याच्यासाठी ओरडायला पायऱ्यांवर कुणी नाही.
त्या दिवशी मी आईला तेल लावू दिलं नाही,
बट पाडून गेले.
सुरुवातीचं गाणं संपलं. लाइट गेली.

आली तेव्हा बातम्या.
बत्तिसाव्या भागात तो इस्पितळात, मनगटाला पट्टी,
नायकाला म्हणाला, "आता सगळं तुझ्यावर,"
आणि पुन्हा जाऊन उभा राहिला दोन पायऱ्या खाली.

मग मी खोटं बोलले.
म्हटलं, रायबंदरला लाइट गेली नव्हती,
माझ्या मावसभावाने पाहिलाय, फोनवर सांगितलाय सगळा.
(आईला बहीण नाही. हे कायतानला माहीत होतं,
तो काही बोलला नाही.)
खाजनाच्या बांधावर बसून मी तो डाव सांगितला,
चार संध्याकाळी पुरवून.
काळ्या झग्याने समुद्र सोडला त्याच्यावर,
पत्त्यावर पत्ता, भरतीच भरती,
गोहेईचे गुण उरले शंभर
आणि हातात एकच पत्ता. त्यावर राक्षस नव्हता,
तलवारही नव्हती.
नुसती मानस होती. आमची, बांधातली,
शेवाळलेलं लाकडी दार.
कुणी ढकलायला लागत नाही. पाणी चढलं
की पाण्याच्याच जोराने मिटतं.
"मग हरलो कसो?" नवसोने विचारलं.
हरला कुठे, मी म्हटलं, मागे शहर होतं ना,
दाराला टेकून उभा राहिला ओहोटीपर्यंत.
गुण संपले तरी हलला नाही. मनगट तिथे मोडलं.

नवसो आता मांडवीतल्या कॅसिनोवर पत्ते वाटतो,
काळं जाकीट, स्वच्छ नखं.
परवा पहाटेच्या फेरीत भेटला, रात्रपाळी करून.
कठड्याला टेकून म्हणाला,
"वीस टेबलं आहेत आमच्याकडे. पण मानस टाकणारं
एक गिऱ्हाईक आलं नाही गो अजून."

त्याच्या आदल्याच रात्री मी तो भाग फोनवर पाहिला होता.
बावीस मिनिटं.
नायक धावतोय, गल्ल्या, पूल, त्याचा श्वास,
धावताना त्याला आठवणारी त्याची आई.
लांब गोदीवर एकदा उजेड होतो.
पोचतो तेव्हा गोहेई पालथा पडलेला.
डाव दाखवलाच नाही. कुणी काढलाच नव्हता.
इतकी वर्षं मी वीजखात्याला शिव्या देत होते.

नवसोला हे सांगणारच होते.
"तो तुझा मावसभाऊ," त्याने विचारलं,
"काय करतो हल्ली?"

मी डोळे मोठे केले नाहीत.
असतो तिथेच, म्हटलं, रायबंदरला.
पत्ता देईन कधीतरी.

फेरीची फळी खाली आली,
मोटरसायकली सुरू झाल्या.